दिवा सरकवल्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आपण ठाण्यात छायाचित्रण आणि शिल्पकला अशा दोन कार्यशाळा घेतल्या, त्याला येत्या आठवड्यात वर्ष होईल. शेवटच्या दिवशी मी आपल्याला वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता निघाले, कारण नेमके कशाबद्दल आभार मानायचे हे तेव्हा मला सांगता आले नसते. आता ते सांगता येते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण इतकेच, की माझ्यासारख्याच अडचणीत सापडलेल्या एखाद्या कलाविद्यार्थ्याला त्यातला तपशील उपयोगी पडावा.

मी आपल्याकडे आले तेव्हा शिल्पकला सोडण्याचे जवळजवळ ठरवून आले होते. फाउंडेशनच्या, म्हणजे कलाशिक्षणाच्या पायाभूत, वर्षात माझ्या मातीकामावर प्रत्येक वेळी 'सपाट' हा एकच शेरा मिळत गेला. शेरा खोटा नव्हता, पण सपाटपणा घालवण्यासाठी काय करायचे हे मला कोणी सांगितले नाही. मी नाक आणखी उंच करी, डोळ्यांच्या खाचा आणखी खोल करी, आणि चेहरा मात्र मुखवट्यासारखाच राही. वडील रबाळ्याच्या कारखान्यात नोकरी करतात. उपयोजित कला घेतली तर निदान नोकरी मिळेल, हे त्यांचे म्हणणे मला पटू लागले होते.

पहिल्या दिवशी आपण हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइट बंद केल्या, खिडक्यांवर काळे कापड लावले आणि टेबलावर सोललेला नारळ ठेवून पत्र्याच्या टोपीचा एकच टेबललॅम्प लावला. दिवा समोर असताना नारळ तपकिरी थाळीसारखा दिसत होता. तो आपण हळूहळू बाजूला नेलात, तसतशा नारळाच्या तीन कडा उठून आल्या, डोळे खोल गेले आणि करवंटीवरचा एकेक धागा दिसू लागला. दिवा पूर्ण मागे गेल्यावर फक्त उजेडाची एक किनार उरली. नारळाला कोणी हात लावला नव्हता. आपण आम्हाला विचारलेत, "रोज काम करता तिथे उजेड कुठून येतो?" आमच्या वर्गात छताला सहा ट्यूबलाइट आहेत आणि त्यांच्या उजेडात कुठल्याच वस्तूची एक ठाम सावली पडत नाही. वर्षभर मी सावलीशिवाय माती लावत होते आणि आकार दिसत नाही म्हणून स्वतःच्या हातांना दोष देत होते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले.

छायाचित्रणाचे पहिले दोन दिवस आपण आम्हाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचाच भिंगाविना चालणारा पिनहोल कॅमेरा केला: डब्याला आतून काळा रंग दिला, शीतपेयाच्या कॅनच्या पातळ पत्र्याला सुईने भोक पाडले आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या. डबा साधारण दहा सेंटिमीटर खोल असेल, तर भोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडे लहान हवे; मोठे झाले तर चित्र पसरते आणि फार लहान झाले तर प्रकाश भोकाच्या कडांशी वळून पुन्हा अस्पष्टता येते, हे आपण भिंगाखाली प्रत्येकाचे भोक तपासत समजावून दिले. मासुंदा तलावाच्या काठावर भर उन्हात मी डबा कठड्यावर ठेवला आणि भोकावरची काळी पट्टी अर्धा मिनिट उघडली. शाळेच्या सामानाच्या खोलीत लाल दिव्याखाली डब्यातला छायाचित्रणाचा कागद धुतला, तेव्हा तलावातले शंकराचे देऊळ, कठडा आणि झाडांचे बुंधे स्पष्ट उमटले होते. तलावपाळीवर चालणारी माणसे, रिक्षा आणि पाण्यातल्या होड्या मात्र कागदावर कुठेच नव्हत्या. जे अर्धा मिनिट एका जागी थांबले, तेवढेच कागदाने ठेवून घेतले होते. त्या दिवसानंतर मी कुठल्याही वस्तूसमोर काम सुरू करण्याआधी थोडा वेळ नुसती उभी राहते. ही सवय आपण सांगून लावली नाही, डब्याने लावली.

सायनोटाइपचा, म्हणजे उन्हात निळी छायाचित्रे छापण्याचा, दिवस आनंदात गेला, पण त्याविषयी फार लिहीत नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत लोहक्षारांचा लेप दिलेला कागद उन्हात धरायचा आणि साध्या पाण्यात धुवायचा, एवढे कमी सामान लागते. त्यामुळे घरी मोरीत बसूनही ती करता येते, आणि मी अजून करते.

दोन सकाळी मात्र सविस्तर आठवाव्यात अशा आहेत. पहिली अंबरनाथची. पहाटेच्या गाडीने आपण आम्हाला शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिरापाशी नेले, ज्याच्या शिलालेखात १०६० सालाची नोंद आहे. देऊळ पश्चिमाभिमुख असल्याने त्याची मागची भिंत पूर्वेला येते, आणि त्या भिंतीवर सकाळचे ऊन समोरून पडत होते. हजार वर्षांच्या पावसाने झिजलेल्या मूर्ती तिथे दगडावरच्या फुगवट्यांसारख्या दिसत होत्या. उत्तरेच्या भिंतीपाशी वळलो आणि आम्ही सगळेच गप्प झालो. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो, त्यामुळे हिवाळ्यात उन्हाचा स्पर्शही न होणाऱ्या त्या भिंतीला तेव्हा ऊन अगदी चाटून जाते. त्या तिरप्या उन्हात तितक्याच झिजलेल्या मूर्तींचे गुडघे, मेखला आणि बोटांची ठेवणसुद्धा वाचता येत होती. पाषाण तोच, देऊळ तेच, झीजही तीच. दिशा तेवढी वेगळी होती.

दुसरी शून्य सावलीच्या दिवसाची, जिला सकाळ म्हणण्यापेक्षा भर दुपार म्हणायला हवे. मेच्या मध्यावर ठाण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा साडेबाराच्या सुमारास आपण घरून आणलेले प्लास्टरचे मस्तक अंगणात ठेवले. भुवयांच्या सावलीत डोळे पूर्ण बुडाले, नाकाची सावली ओठांवर उतरली, आणि एक सौम्य चेहरा कवटीसारखा दिसू लागला. तेच मस्तक पाच वाजता उतरत्या उन्हात आम्ही पुन्हा टिपले. ती दोन छायाचित्रे मी शेजारी शेजारी लावून ठेवली आहेत. चौकात पुतळा उभारायचा असेल तर त्याचे तोंड कुठल्या दिशेला ठेवायचे हा शिल्पकाराच्या कामाचाच भाग आहे, हे कुठल्याही व्याख्यानाने मला इतके पटले नसते.

शिल्पाच्या कार्यशाळेत मी माझ्या आजीचे मस्तक करायला घेतले. आजी कळव्याहून रोज रिक्षाने यायची. तिच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही महिनेच झाले होते, आणि दिवा सरकवण्याआधी आपण प्रत्येक वेळी तिला विचारत होता, "आजी, डोळ्यांना त्रास होत नाही ना? झाला तर लगेच सांगा." पाठीला टेकता येईल अशी खुर्ची आपण मुख्याध्यापकांच्या खोलीतून मागून आणलीत. आजी अजून हे शेजारणींना सांगते. सर, आमच्या घरात तिला विचारून कोणी दिवा लावत नाही, पंखाही लावत नाही. म्हणून ही गोष्ट मला माझ्या शिक्षणाइतकीच मोठी वाटते.

आपण कोणाच्याही मातीला हात लावत नव्हता. इतर ठिकाणी शिक्षक येतात, अंगठ्याने गाल दाबून दुरुस्त करतात आणि पुढे जातात. काम सुधारते, पण विद्यार्थ्याला का सुधारले ते कळत नाही. आपण यायचात, दिवा वीतभर उजवीकडे किंवा खाली सरकवायचात आणि उभे राहायचात. मग माझे मलाच दिसायचे की आजीच्या गालाचे हाड कानाच्या दिशेने जायच्या ऐवजी मध्येच संपले आहे, किंवा हनुवटीखाली सावली यायला हवी तिथे उजेड सांडतो आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आले तेव्हा फडक्याखाली मस्तक उरले नव्हते. आर्मेचरच्या, म्हणजे मातीच्या आतल्या सांगाड्याच्या, तारेला माती धरून ठेवणारी लाकडी पट्ट्यांची बटरफ्लाय मी दोनच बांधली होती आणि शाडू प्रमाणापेक्षा ओली ठेवली होती, त्यामुळे रात्रीतून सगळा चेहरा स्वतःच्या भाराने घसरून मानेवर बसला होता. मी ते उचलायला गेले, तेव्हा आपण म्हणालात, "उचलू नकोस. आधी दिवा लाव आणि फोटो घे." त्या घटकेला मला ते फार कठोर वाटले. फोटो काढता काढता मात्र माती नेमकी कुठून सुटली आणि कुठे आधार कमी पडला हे मला दिसत गेले, आणि रडू थांबले.

मस्तक पुन्हा उभे राहिले ते आदल्या दिवशीच्या छायाचित्रांमुळे. फिरता स्टँड प्रत्येक वेळी पंचेचाळीस अंशांनी वळवून आठ बाजूंनी फोटो घ्यायचे, कॅमेरा कानाच्या उंचीवर आणि किमान दोन मीटर लांब ठेवायचा, चौकटीत फूटपट्टी उभी करायची, हा आपला नियम होता. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात, आणि त्यावरून केलेले शिल्प तीच चूक घेऊन येते, म्हणून आपण अंतराबद्दल इतके आग्रही होता. ती आठ छायाचित्रे भिंतीवर लावून, कॅलिपरने (दोन टोकांमधले अंतर मोजायच्या चिमट्याने) मापे घेत, समोर आजीला बसवून मी दोन दिवसांत चेहरा पुन्हा रचला. या वेळी पाच बटरफ्लाय बांधली. दुसरे मस्तक पहिल्यापेक्षा चांगले झाले, कारण कुठला आकार कुठल्या उजेडात उठतो हे आता मला पाठ झाले होते.

साच्याचा दिवसही विसरणार नाही. प्लास्टरमध्ये पाणी न ओतता पाण्यात प्लास्टर शिंपडत जायचे, बेटे वर दिसू लागली की थांबायचे, आणि पहिल्या पातळ थरात कपड्यांना घालतात ती नीळ मिसळायची, हे आपण करून दाखवले. साचा एकदाच वापरायचा असल्याने तो छिन्नीने फोडून काढावा लागतो; बाहेरचे पांढरे कवच जाऊन निळे दिसू लागले की आतला चेहरा आता बोटभर अंतरावर आहे, हातोडी हलकी करावी, असा त्या निळीचा इशारा असतो. आजीच्या कपाळावरची निळी कपची निघाली तेव्हा आपण माझ्या मागे उभे होता आणि तेव्हाही आपण दिवाच खाली धरलात.

त्या संध्याकाळी आपण फ्रेंच शिल्पकार रोदँ यांनी केलेल्या लेखक बाल्झाकच्या पुतळ्याची गोष्ट सांगितलीत. ज्या संस्थेने ते काम मागवले होते, तिनेच १८९८ मध्ये ते नाकारले; दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, छायाचित्रकार एडवर्ड स्टाइकन यांनी त्याच प्लास्टरच्या पुतळ्याची छायाचित्रे चांदण्यात, रात्रभर लांब एक्स्पोजर देत घेतली. पांढरे प्लास्टर दिवसाच्या उजेडात आपले खोलगट भाग लपवते, आणि चांदण्याने ते परत दिले. शिल्पकार आणि छायाचित्रकार एकाच गोष्टीच्या मागे असतात, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले, आणि दोन कार्यशाळा आपण लागोपाठ का ठेवल्या होत्या तेही समजले.

जूनमध्ये मी शिल्पकलेचा अर्ज भरला. वडिलांना मी आजीचे मस्तक दाखवले आणि ट्यूबलाइट बंद करून दिवा बाजूने धरला. ते बराच वेळ बघत राहिले, आणि फॉर्मवर सही केली. या वर्षी माझ्या एकाही कामावर तो जुना शेरा आला नाही. वर्गातली माझी जागा मी खिडकीपाशी मागून घेतली आहे, आणि आता आणखी तिघेजण आपापले स्टँड तिकडे वळवतात.

निरोपाच्या वेळी आपण तो टेबललॅम्प माझ्या पिशवीत ठेवलात आणि "पुढच्या मेपर्यंत वापर" एवढेच म्हणालात. तो वर्षभर रोज वापरला. पावसाळ्यात त्याची वायर खराब झाली होती, ती बदलून घेतली आहे. टोपीला पडलेला पोचा तसाच आहे. या वर्षीच्या कार्यशाळेचा पहिला दिवस रविवारी आहे असे कळले. मी आठ वाजता दिवा घेऊन येईन, आणि नारळही घेऊन येईन. बादल्या धुवायला आणि खिडक्यांना कापड लावायला थांबू देण्याची कृपा करावी. आजीलाही यायचे आहे, तिला आपल्याला भेटायचे आहे.

कळावे,

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
कळवा, ठाणे