पन्नास ग्रॅमचं वजन: पतियाळ्याच्या सरदारजींना पत्र

आदरणीय सरदारजी,

सत श्री अकाल.

मराठीत लिहितेय, कारण नगरच्या रणगाडा केंद्रातल्या नोकरीमुळे मराठी वाचता येतं हे तुम्हीच सांगितलंत. मराठी शिव्या तर पंजाबीपेक्षा सफाईने येतात, हेही. बाबांना घेऊन पतियाळ्याहून घरी परतल्यापासून फोन करीन म्हणते, पण बोलायला लागलं की गळा दाटतो. म्हणून हे असं उघड्यावर. चार लोकांनी वाचलं तर बरंच. काही जणांनी तर वाचावंच.

त्या काही जणांचं आधी उरकते. सहलवाले गृहस्थ म्हणाले, "आजोबांना दिसत नाही ना? मग राजवाड्यात नेऊन काय करणार? गाडीत एसी लावून देतो, आरामात बसू दे." नात्यातल्या एक बाई निघायच्या आधीच म्हणाल्या होत्या की तिकिटाचे पैसे पाण्यात. आणि वाटेत एका ठिकाणी, कुठे ते जाऊ दे, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने बाबांच्या समोर, पण माझ्याकडे बघत विचारलं, "इनको क्या दिखाओगे?" काचबिंदूने बाबांची नजर नेली. कान शाबूत आहेत. पुढे गाडीत ते बराच वेळ गप्प होते आणि मग एकदम म्हणाले, "त्याचं व्याकरण बरोबर होतं." मास्तर माणूस, राग आला की व्याकरणात शिरतो.

बाबांना पतियाळा का बघायचं होतं ते तुम्हाला त्या दिवशी पुरतं सांगता आलं नाही. जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला, पण संस्थानिकांचा धडा आला की त्यांचं गाडं क्रिकेटवर घसरायचं. रणजी करंडक 1934 साली दिला तो तुमच्या भूपिंदरसिंग महाराजांनी, आणि तो 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा जिंकला देवधरांच्या महाराष्ट्राने. आमच्या घरात हा पुराव्यानिशी सिद्ध झालेला धर्म आहे. पण बाबांचं खरं दुखणं 1911 चं. हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, कप्तान एकोणीस वर्षांचे पतियाळ्याचे महाराज. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या मेजवान्या आणि समारंभांतून त्यांना मैदानावर यायला फारशी सवडच झाली नाही. आणि इकडे आमचे पालवणकर बाळू, पुण्याच्या क्लबात ज्यांना चहासुद्धा बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा, ते उन्हापावसात गोलंदाजी करत राहिले. शंभराहून जास्त बळी घेतले त्या दौऱ्यात. बाबा मुलांना विचारायचे, "आता सांगा, त्या संघाचा कप्तान कोण?" मुलं पुस्तकातलं उत्तर द्यायची. बाबा नुसते बघायचे.

किल्ल्याबाहेरच्या बाजारात, परांद्या आणि जुत्त्यांच्या दुकानांच्या ओळीत, मी त्यांना फोनवरून वाचून दाखवत होते. महाराजांनी कार्तिए या पॅरिसच्या जवाहिऱ्याकडे 1925 मध्ये घडवायला दिलेला हार, 1928 मध्ये पुरा झाला, 2,930 हिरे, मधोमध 'डी बीयर्स' नावाचा पिवळा हिरा, 234.65 कॅरट. बाबा वैतागले. "आकडे मला पाठ आहेत ग. मला तो हार सांग." मला कसा सांगता येणार? मी तो फक्त फोटोत पाहिलेला. त्या फोटोत महाराज असतात, दाढी असते, आणि छातीभर काहीतरी लखलखत असतं.

तुम्ही वाण्याच्या फळीवर बसून हे ऐकत होतात. उठलात, आत गेलात, वाण्याशी काहीतरी हुज्जत घातलीत आणि तराजूतलं पन्नास ग्रॅमचं वजन घेऊन बाहेर आलात. आधी बाबांच्या मनगटाला हलकेच हात लावलात, म्हणजे ते दचकणार नाहीत. मग तळहातावर वजन ठेवून म्हणालात, "मास्टरजी, इससे तीन ग्राम कम. वो एक हीरा."

बाबांनी मूठ मिटली.

मग तुम्ही त्यांच्या सदऱ्यावरून बोट फिरवलंत. पहिली सर इथे, दुसरी इथे, आणि अशी पाचवी पार खाली. "सगळं प्लॅटिनममध्ये गुंफलेलं. आणि तुमच्या मुठीत आहे ते इथे लटकायचं." वाण्याची दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तीही बघायला लागली. बाबांनी वजन छातीशी धरून मान खाली घातली, पुन्हा वर केली, आणि विचारलं, "हे घालून माणूस जेवायचा कसा?" तुम्ही इतक्या जोरात हसलात की पलीकडचा जुत्तीवाला डोकावला.

सरदारजी, आंधळ्या माणसाशी लोक दोन प्रकारे बोलतात. एक तर ओरडून, जणू कानही गेलेत. नाहीतर बरोबरच्या माणसाशी, म्हणजे माझ्याशी: "चहा घेणार का ते?" तुम्ही तासभर फक्त बाबांशी बोललात. माझ्याकडे पाहिलंत ते एकदाच, माझी पर्स उघडी आहे हे सांगायला. चांगुलपणा म्हणजे मोठमोठी दानं, दवाखाने, धर्मशाळा असं आपण समजतो आणि ते लागतंच, कोण नाही म्हणतं? पण समोरच्याला काय हवंय ते ऐकून तेवढंच त्याच्या हातात ठेवणं, हे मला माझ्याच माणसांत फार कमी दिसलंय. वर दया केल्याचा आव नाही. आणि त्या वाण्याचेही आभार, ज्याने तेवढा वेळ गिऱ्हाइकांना हरभरे अंदाजाने दिले असणार.

जेवणावरून मग तुम्ही 1922 च्या सोनेरी मुलाम्याच्या चांदीच्या भांड्यांवर आलात. प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून घडवलेली, सुमारे 1,400 नग. 2013 मध्ये लंडनच्या लिलावात गेली. बाबांनी लगेच विचारलं की घासायला किती माणसं असतील. मला वाटतं तिथेच तुमचं त्यांच्याशी जमलं. कारण मग तुम्ही आजोबांचं सांगितलंत, शिकारीत हाकारे घालायला त्यांना गावातून बेगारीवर कसं उचलून न्यायचे ते. बाबा म्हणाले, "मजुरी?" तुम्ही म्हणालात, "रोटी. कभी कभी." आणि सेवासिंग ठीकरीवाला यांचं नाव घेतलंत. प्रजामंडळाचा माणूस, संस्थानच्या कारभाराविरुद्ध उभा राहिला, पतियाळ्याच्या तुरुंगात उपोषण करता करता 1935 च्या जानेवारीत गेला. बाबांना हे नाव माहीत होतं. तुम्हाला त्याचं नवल वाटलं, मला नाही.

मला आवडलं ते हे, की तुम्ही महाराजांना शिव्याही घातल्या नाहीत आणि आरतीही केली नाही. हल्ली दोन्हींपैकी एक केल्याशिवाय कोणाला इतिहास बोलताच येत नाही. गायक दिलजीत दोसांझने 2025 मध्ये न्यूयॉर्कला त्याच धर्तीचा हार घातला तेव्हा तुमच्या नातवाला केवढा अभिमान वाटला ते हसत सांगितलंत, आणि त्याच दमात बेगारीचं. हार 1948 च्या सुमाराला नाहीसा झाला, मोठा हिरा 1982 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात उगवला, उरलेला सांगाडा 1998 मध्ये लंडनमध्ये सापडला आणि रिकाम्या कोंदणांत नकली खडे बसवले. बाबांनी या सगळ्यावर एकच विचारलं: "म्हणजे आता तो हलका झाला?" तुम्ही वजन परत घेत म्हणालात, "बहुत."

सहलवाल्यांनी नंतर राजवाड्याचं जे काय दाखवलं त्यातलं बाबांना एक अक्षर आठवत नाही. नात्यातल्या त्या बाई परवा आल्या होत्या. बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हातावर आमच्या स्वयंपाकघरातलं वजन ठेवलं आणि पुरती अर्धी संध्याकाळ खाल्ली. पळवाट सापडेना बिचारीला. मी मध्ये पडले नाही.

आता तुमच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल. निघताना तुम्ही म्हणालात, त्या काळी कप्तान पैसेवालाच हवा, नाहीतर दौरे निघाले कसे असते? बाबांना हे अजिबात मान्य नाही. त्यांनी उत्तर तयार केलंय, मी लिहून घेतलंय, पाठपोट दोन पानं भरली. बाळूंचा धाकटा भाऊ विठ्ठल यांना धर्मवार सामन्यांतल्या हिंदू संघाचं कप्तानपद मिळायला 1923 उजाडावं लागलं, इथून त्याची सुरुवात आहे, आणि पुढे आवाज चढत जातो. पोस्टाने पाठवू नकोस म्हणतात, समोरासमोर भांडायचंय. तेव्हा हजूर साहिबला नांदेडला याल ना दर्शनाला, तेव्हा वाट वाकडी करून आमच्याकडे या. हुरड्याच्या दिवसांत आलात तर उत्तम. शिव्या चालतील, बाबा फक्त व्याकरण तपासतील.

तुमच्या मास्टरजींची लेक