आंगखांगच्या ताईंना, मनापासून आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

थायलंडच्या उत्तरेला, म्यानमारच्या सीमेवरच्या डोई आंगखांग या शेती केंद्रात तुम्ही आम्हा महाबळेश्वर तालुक्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांसाठी अख्खी सकाळ मोडलीत. दुभाष्यामार्फत नीट आभार मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र. तुम्ही सांगितलेलं आमच्याकडच्या इतर शेतकऱ्यांनाही कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्या देशात १९५९मध्ये अफूवर बंदी आली तरी डोंगरात ती पिकतच राहिली. कारण तुम्ही सांगितलंत. बोंडाला चिरा द्यायच्या, दुसऱ्या दिवशी साकळलेला चीक खरवडायचा, गोळे करून ठेवायचे. माल नासत नाही आणि व्यापारी दारात येतो. रस्ताच नसेल तर फळं पिकवून न्यायची कुठे?

डोई पुई डोंगरावरच्या मोंग या आदिवासी जमातीच्या शेतकऱ्यांना गावठी पीचमधूनही अफूइतकेच पैसे मिळतात हे थायलंडचे राजे भूमिबोल यांना कळलं, आणि १९६९मध्ये अफूऐवजी दुसरी पिकं रुजवणारा रॉयल प्रोजेक्ट सुरू झाला, एवढं मी वाचून आलो होतो. पुढचं तुमच्याकडून समजलं: गावठी झाडावर सुधारित जातीचं कलम, फांग या गावी फळांवर प्रक्रिया करणारा कारखाना, माल गोळा करून विकायची जबाबदारी प्रकल्पाची. उभी अफू उपटायला सरकारने सुरुवात केली ती थेट १९८०च्या दशकाच्या मध्यावर, दुसऱ्या पिकाचे पैसे हातात खेळू लागल्यावर. हा क्रम मला फार मोठा वाटतो. आधी चूल बंद पाडून मग पर्याय शोधा म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात.

नोर लाए गावातल्या पलाउंग जमातीच्या वस्तीत तुम्ही मला एका आजींशेजारी बसवलंत. त्या नखाने स्ट्रॉबेरीचा देठ खुडायच्या, फळाला बोट लागू द्यायच्या नाहीत, आणि डबीत एकच थर रचायच्या. आम्ही दोन थर भरायचो. मुंबईला पोचेपर्यंत खालच्याला पाणी सुटायचं. यंदा आमच्या गटाने एकच थर लावला. डब्या जास्त लागल्या, पण खराब माल म्हणून व्यापाऱ्यांनी पैसे कापले नाहीत. त्या आजींना हे जरूर सांगा.

तुमच्याकडच्या रोपवाटिकेबद्दल विचारायचं राहून गेलं. जानेवारीत आमचा हंगाम भरात असतो, तेव्हा भिलारला या. राहायची सोय घरीच आहे.

आपला,
भिलारचा एक स्ट्रॉबेरी उत्पादक