पेट्रोल हुंगणारे काका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोटी विमाने उडवलेल्या निवृत्त वैमानिकांच्या बैठकीवरचा लेख काल आपल्या पुरवणीत वाचला. ती बैठक नौपाड्यात आमच्याच घरी भरते. आमचे हे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते. ते गेल्यावरही त्यांचे मित्र रविवारी दहाला येतात, म्हणून हे पत्र.

आपले प्रतिनिधी आले, चहा घेतला आणि विसाव्या मिनिटाला दुसरे काम आहे म्हणून उठले. त्यानंतर छापून काय आले, तर 'म्हातारपणी रंगवलेल्या थापा' आणि 'विमानात बसण्याआधी पेट्रोल हुंगणारे काका'. ते काका काल दुपारपासून कोणाचा फोन घेत नाहीत.

आधी थापांचे बघू. जुहूच्या धावपट्टीवर एक भलेमोठे जेट चुकून उतरले होते, ही 'दंतकथा' असल्याचे लेखात म्हटले आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूला उतरले आणि धावपट्टी संपली तरी थांबले नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्याआधी १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेटही असेच जुहूला उतरले होते. आपल्याच कचेरीतले जुने अंक काढून बघितले असते, तरी पुरे होते.

आता पेट्रोलचे. ही गोष्ट मी पंचवीस वर्षे ऐकते आहे, त्यामुळे पाठ आहे. काका तेव्हा पुष्पक चालवायचे, कापडाने मढवलेले दोन माणसांचे विमान. पावसाळ्यात ते चार दिवस उघड्यावर उभे होते. उडण्याआधी टाकीच्या तळातून ग्लासभर पेट्रोल काढून बघायचे असते. पाणी जड, ते खाली बसते आणि ग्लासात दोन थर दिसतात. काकांनी ग्लास धरला. थर नाही, सगळे एकसारखे स्वच्छ. समाधानाने विमान सुरू केले. नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन चालले, विमान उचललेही गेले, आणि तीनेकशे फुटांवर इंजिन बंद. खाली भातखाचर. चाके चिखलात रुतली, विमान नाकावर उभे राहिले, काकांचे गळ्याचे हाड मोडले. ग्लासात थर नव्हता, कारण ग्लासात निव्वळ पाणीच होते!

"चूक विमानाची नाही, माझी," असे काका दर वेळी म्हणतात. म्हणून रंग बघा, वास घ्या. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम रंग दिलेला असतो, हल्लीच्याला निळसर. आपले प्रतिनिधी उठले ते नेमके इथे.

पुढचे त्यांनी ऐकलेच नाही. माझा भाचा त्या बैठकीत सुट्टीला येऊन बसायचा. पुढे तो वैमानिक व्हायला गेला. सेसना १५२ वर शिकत असताना रात्रभर धो धो पावसानंतर त्याने सकाळी नमुना काढला. एकसारखा, स्वच्छ. मागे दुसरे विद्यार्थी ताटकळत होते. त्याने ग्लास पांढऱ्या भिंतीसमोर धरला, निळेपणा दिसेना. नाकाशी नेला, वास येईना. सहा-सात ग्लास ओतून टाकल्यावर निळे पेट्रोल आले. त्या रात्री त्याचा फोन आला, "मावशी, काकांना सांग, मी हुंगून बघितलं." मी निरोप दिला तेव्हा काका बराच वेळ हातातल्या बशीकडे बघत बसले. तेव्हापासून गोष्टीचा शेवट ते भाताच्या खाचरात करत नाहीत, भाच्याच्या ग्लासात करतात.

या बैठकीत कोणी आपला पराक्रम सांगत नाही. कोण कुठे चुकला, ढगात शिरून वाट कशी हरवली, उतरताना वेग कसा कमी पडला, हेच चालते. एकाने सांगितले की दुसरा म्हणतो, "माझंही झालं होतं." स्वतःची फजिती चारचौघांत सांगायला किती जिव्हाळा लागतो, याची कल्पना लेख लिहिणाऱ्याला आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. लेख जेआरडींच्या १९३२ च्या कराची-जुहू उड्डाणावरून थेट नवी मुंबई विमानतळावर येतो. मधली एवढी माणसे गेली कुठे?

शिवाय छायाचित्राखाली 'ग्लायडर' छापले आहे. पुढे पंखा असलेले विमान ग्लायडर कसे? तेवढी दुरुस्ती तरी छापावी.

आणखी एक. हे सगळे पूर्वी तलावपाळीला जमायचे. आता तिथे वाहनांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून घरी बसतात. ठाण्यात म्हाताऱ्यांना तासभर शांत बसून बोलता येईल अशी जागा कुठे उरली आहे, यावर आपण कधी लिहिणार?

काकांना मी आज घरी जाऊन भेटणार आहे. येत्या रविवारी ते येतील असे बघते. आपल्या प्रतिनिधींनीही यावे आणि या वेळी बारापर्यंत बसावे.

आपली,
एक जुनी वाचक, नौपाडा, ठाणे