सतरा सप्टेंबरच्या प्रदर्शनात जेट नको, नाकावर पंखा असलेलं टेंपेस्ट लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या भागातल्या एका शाळेचं प्रदर्शन बघितलं. पोरांनी लई कष्ट घेतले होते, नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरचा पूल, रणगाडे, सगळं थर्माकोलात केलं होतं, पण वर दोऱ्याला जे विमान टांगलं होतं ते टोकदार नाकाचं जेट आणि त्याच्या पंखावर केशरी-पांढरा-हिरवा गोल. पोरांची यात काहीच चूक नाही, मोबाईलवर शोधलं की तसलेच फोटो येतात. पण मला राहवेना म्हणून हे पत्र.

आमचे आजोबा १९४८ ला, निजामाविरुद्ध आपली फौज आली तेव्हा, उमरग्याजवळच्या शेतात होते. रझाकारांच्या भीतीनं माणसं रात्री घरात झोपत नव्हती. ते नेहमी सांगायचे, विमानं इतकी खालून गेली की नाकावरचा पंखा फिरताना दिसला, तुरीच्या पाटात पालथं पडलो. आम्ही लहानपणी ते नुसतं ऐकून घ्यायचो. नंतर मी वाचत गेलो तसं कळलं की आजोबांचं बरोबर होतं. सोलापूरकडून आलेली आपली फौज १३ सप्टेंबर १९४८ ला नळदुर्ग घेऊन दुपारी उमरग्यात पोचली आणि दुसऱ्या दिवशी पुढं राजेश्वर गावाच्या रस्त्यावर शत्रू दबा धरून बसलेला, तिथं हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी मारा करून रस्ता मोकळा केला. हॉकर टेंपेस्ट, पंख्याचं विमान. आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट, व्हॅम्पायर, आलं नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे निजाम शरण आला त्याच्या नंतर. तिरंगी गोल पण १९५० पासूनचा, त्याच्या आधी विमानावर अशोकचक्राचा निळा-पांढरा गोल असायचा.

म्हणून मी ठरवलं की हे विमान आपणच करायचं. एडुआर्ड नावाच्या चेक कंपनीचा टेंपेस्ट मार्क २ चा प्लास्टिक किट, म्हणजे सुटे भाग जोडून छोटं मॉडेल करायचा संच, मागवला, १/४८ स्केल, म्हणजे खऱ्या साडेबारा मीटरच्या पंखाचे इथं २६ सेंटीमीटर होतात. पूर्ण व्हायला सात महिने लागले. ज्यांना वाटतं हा लहान पोरांचा खेळ आहे त्यांनी एकदा कॉकपिटमधले सीटबेल्ट लावून बघावेत, पितळी पत्र्याचे, नखापेक्षा बारीक, चिमट्यातून उडाला की गेला, मी एका बकलसाठी अख्खी खोली झाडून काढली. इंजिन अठरा सिलिंडरचं, नऊ-नऊच्या दोन ओळी, ते रंगवून कव्हरात बसवायचं आणि कव्हर बॉडीला बरोबर मध्यभागी आलं पाहिजे, केसभर वाकडं झालं तर पुढचा चार पात्यांचा पंखा पण वाकडा दिसतो. सगळ्यात अवघड पंख आणि बॉडीचा जोड. नुसतं धरून बघितलं तर बसतो, प्लास्टिक चिकटवायचं सिमेंट लावून वाळलं की फट दिसते, मग पुट्टी भरा, पॉलिश पेपर घासा, घासताना पत्र्याच्या बारीक रेषा पुसल्या जातात, त्या परत सुईनं कोरा. हे मी तीनदा केलं. कॉकपिटवरच्या काचेला मात्र इन्स्टंट ग्लू अजिबात लावायचा नाही, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते, साधा फेविकॉल वापरायचा.

आपल्याकडं हे काम करायचं तर ऊन आधी आडवं येतं. मे महिन्यात एअरब्रशच्या, म्हणजे हवेनं रंग फवारायच्या पेनच्या, टोकालाच रंग वाळतो, प्लास्टिकवर पोचेपर्यंत त्याची पावडर होते. मी रंगात रिटार्डर (रंग लवकर वाळू न देणारं द्रव) घालून पहाटे पाचला स्प्रे करायचो, लाईट गेली की कॉम्प्रेसर बंद, मग राहिलेला रंग दुसऱ्या दिवशी. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, बोअरच्या पाण्यात भिजवले तर वाळल्यावर खाली क्षाराचे पांढरे डाग, शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणलं आणि डाग थांबले. अशोकचक्राचे गोल मी स्वतः काढले, चोवीस आरे, डिकल पेपरवर प्रिंट मारून घेतले. प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो म्हणून आधी पंखावर भोवती टेप लावून पांढरा गोल मारायचा, मग त्याच्यावर डिकल, आणि प्रिंटवर आधी क्लिअर लॅकर मारलेलं पाहिजे नाहीतर शाई पाण्यात उतरते. पहिले दोन गोल असेच गेले. तिसरा नीट बसला त्या दिवशी आजोबांची लई आठवण आली, ते असते तर हातात घेऊन काय बोलले असते कुणास ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे की येत्या १७ सप्टेंबरच्या आधी शिक्षकांनी प्रदर्शनातलं जेट काढून टेंपेस्ट लावावं. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं टेंपेस्ट ठेवलेलं आहे, त्याचे फोटो बघून पोरं पुठ्ठ्याचंसुद्धा छान करतील, फक्त नाकावर चार पात्यांचा पंखा आणि चक्राचा गोल विसरू नका. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा. तेव्हाचं दहा वर्षांचं पोर आता नव्वदीला टेकलंय. नळदुर्ग, जळकोट, उमरगा या रस्त्यावरच्या गावांत कुणी काय बघितलं, आवाज कसा होता, कुठं लपले, ते त्यांच्याच बोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आपल्या दैनिकाकडं पाठवा. आपण त्यासाठी रोज एक छोटा कोपरा दिला तर उपकार होतील. मी माझ्या आजोबांचं रेकॉर्ड केलं नाही, ते आता होणार नाही.

कुठल्या शाळेला प्रदर्शनासाठी माझं मॉडेल लागलं तर मी स्वतः आणून ठेवीन आणि नेईन, पैसे नकोत, फक्त काचेच्या पेटीतून कुणी बाहेर काढू नये, चाकांचे पाय फार नाजूक आहेत.

आपला,
एक वाचक, उमरगा, जि. धाराशिव