बरोबर आलेल्या ओळींना खूण करणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. परंतु आभार मनातल्या मनात ठेवणे मला आता जमत नाही.

जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य संगणकीय लिपिपद्धतीत आणणारे एक छोटे ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही पाहता-वापरता येणारे, सॉफ्टवेअर मी नोकरी करून, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, विनामोबदला सांभाळतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. जोडाक्षर आले की ती कोठवर न्यायची हे दर वेळी ठरवावे लागते. रफार आणि अर्धा ऱ यांची गल्लत झाली तर ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होऊन अर्थच बदलतो. अशा चुका लोक कळवतात, आणि त्या कळवायलाच हव्यात.

परंतु दोन हजार चोवीसच्या त्या मार्चमध्ये वडील रुग्णालयात होते, आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी एका प्रकाशन संस्थेचा संदेश वाचला. चार वर्षे आपली पुस्तके याच सॉफ्टवेअरमधून काढणाऱ्या त्या संस्थेने आजवर आभाराची एक ओळ लिहिली नव्हती, त्या दिवशी मात्र लिहिले, “जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा.” खाली अकरा जणांनी पसंतीचे अंगठे उमटवले होते, आणि त्यांतले काही मला चांगले ओळखणारे होते. त्यानंतर फोन नुसता थरथरला तरी छातीत धस्स होई. पहिला जो कोणी मागेल त्याच्या हाती सॉफ्टवेअर बदलण्याचे सगळे अधिकार देऊन मोकळे व्हायचे, असे मी ठरवून टाकले.

महिनाअखेरीस एक्सझेडची बातमी आली. जगभरच्या लिनक्स प्रणालीच्या संगणकांवर फाइली आवळून लहान करायला वापरले जाणारे हे साधन एकच माणूस हौसेने सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याने आपल्या मानसिक स्वास्थ्याची अडचण उघडपणे सांगितली, तरी अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला, आणि मदतीला म्हणून आलेल्या ज्याच्या हाती अधिकार गेले त्यानेच आत चोरवाट बसवली. लॉगिनला लागणारा अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकला, म्हणून ती उघडकीस आली. मला मात्र त्या थकलेल्या माणसाचाच विचार दिवसभर सोडत नव्हता.

आपले पाकीट त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतून कोथरूडला आले. जाडी पाहूनच मी ते दोन दिवस फोडले नाही. आणखी चुकांची यादी असणार, ही खात्री होती. चुका होत्याच. मुद्रितशोधनाच्या खुणा समासात तांबड्या शाईने, नेटक्या हाताने केलेल्या होत्या. पण त्यांच्याहून कितीतरी अधिक ठिकाणी, फिक्या पेन्सिलीने, बारीकशी बरोबरची खूण होती: ‘दऱ्याखोऱ्यांत’ नीट आले तिथे एक, ‘स्थित्यंतर’ची वेलांटी जागेवर बसली तिथे एक, ‘कऱ्हाड’पाशी एक. आयुष्यभर प्रुफे वाचणाऱ्या हाताने बरोबर शब्दापाशी थांबायचे नसते, हे मलाही ठाऊक आहे. आपण थांबलात. शेवटच्या पानावर लिहिले होतेत, “तांबड्या खुणांची घाई नाही. तब्येत सांभाळा.”

मी ती पाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून, एकेक खूण बोटाने मोजत, रडलो. माझ्याकडे नोंद होते ती फक्त मोडलेल्या गोष्टींची; जे चालते आहे ते कोणी कळवत नाही, आणि रोज तेवढेच वाचणाऱ्या माणसाला अखेर आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटू लागते. आपल्याला हे कोणी सांगितले नव्हते. समोरचे काम माणसाने केलेले आहे एवढे ध्यानात ठेवून वागणारी माणसे आपल्या पेठांत, वाड्यांत, जुन्या छापखान्यांत असतात, याचा मला विसर पडला होता.

अधिकार मी कोणाला दिले नाहीत. तीन महिने काम थांबवले आणि तसे स्पष्ट लिहूनही ठेवले. वडील घरी आले, आणि मग तांबड्या खुणा एकेक करून दुरुस्त केल्या. आपण पेन्सिलीने खुणावलेले सर्व शब्द आता चाचणीत घातले आहेत. कोणताही बदल केला की आधी ते तपासले जातात, आणि शब्द बरोबर आला की पडद्यावर त्याच्यापुढे हिरवी खूण उमटते. नव्या आवृत्तीतून काढलेली पाने छापून घेऊन येत्या रविवारी सकाळी आपल्याकडे येतो. तांबडे पेन जवळ ठेवावे.

आपला कृतज्ञ,
कोथरूडचा एक मेंटेनर