मूळ चाल कोणती, असे विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण पेटीचा भाता तपासू लागता, म्हणून हे पत्र सर्वांदेखत लिहीत आहे. गेल्या वर्षी तरुण संघाने उपासनेत गिटार आणि ड्रम घेण्याची परवानगी मागितली आणि आपल्या मंडळीत दोन तट पडले, तेव्हा जुन्या गीतांच्या मूळ चालींना हात लावू नये असे ठासून सांगणाऱ्यांत मीही होतो. त्या सभेत आपण एक शब्द बोलला नाहीत. बाहेर पडताना मात्र जार्स ऑफ क्ले या अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडची ‘रिडेम्प्शन साँग्ज’ ही जुन्या स्तोत्रांची २००५ सालची सीडी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, “आधी शब्द वाच, मग ऐक आणि मूळ चाल कोणती ते मला येऊन सांग.”

खरे सांगायचे तर सीडी आठवडाभर तशीच पडून होती. इलिनॉयमधील ग्रीनव्हिल कॉलेजात जमलेल्या या मंडळींचे ‘फ्लड’ हे गाणे नव्वदीच्या दशकात चर्चबाहेरच्या रेडिओवरही गाजले होते, आणि असा बँड जुन्या स्तोत्रांकडे वळतो तेव्हा त्याला नवे काही सुचेनासे झाले असावे, असा माझा कोता समज होता.

तो समज मोडला आपल्या पेटीच्या झाकणावर. सीडीतल्या ‘ऑन जॉर्डन्स स्टॉर्मी बँक्स’ या गीताची अक्षरे आपण त्या झाकणावर बोटांनी वाजवून मोजून दाखवलीत: आठ, सहा, आठ, सहा. इंग्रजी स्तोत्रांत शब्द आणि चाल यांची लग्नगाठ बांधलेली नसते, माप जुळले की एका गीताचे शब्द दुसऱ्या गीताच्या चालीवर बसतात, हे इतकी वर्षे पेटी वाजवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. इंग्लंडमधील बॅप्टिस्ट उपदेशक सॅम्युएल स्टेनेट यांचे हे शब्द १७८७ सालचे, आणि अमेरिकेत या गीताची म्हणून जी चाल सर्वांना पाठ आहे ती छापली गेली १८३५ मध्ये. ‘इट इज वेल विथ माय सोल’चेही तसेच. त्याचे कवी होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली नोव्हेंबर १८७३ मध्ये ‘व्हिल द्यू हाव्र’ या जहाजाबरोबर अटलांटिकमध्ये बुडाल्या. त्या दुःखातून आलेल्या शब्दांची फिलिप ब्लिस यांनी बांधलेली चाल १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला नाव दिले गेले त्या जहाजाचेच. म्हणजे ज्या चालीला मी ‘मूळ’ म्हणून कवटाळून बसलो होतो, तीही एके काळी कोणाच्या तरी कानाला नवीच वाटली असणार. एकच अभंग वारीत एका चालीत आणि मैफलीत दुसऱ्या चालीत आपण बिनतक्रार ऐकतो, पण चर्चमध्ये पाऊल टाकताच हे विसरतो.

त्याहून अधिक उपयोगी पडले ते आपण एका शब्दावर ठेवलेले बोट. युरोपातले तीस वर्षांचे युद्ध संपल्यानंतर पाच वर्षांनी, १६५३ मध्ये, प्रसिद्ध झालेले पाउल गेरहार्ट यांचे जर्मन गीत इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये इंग्रजीत आणले. त्यातील ‘गॉड शॅल लिफ्ट अप दाय हेड’ ही ओळ या बँडने ‘गॉड विल लिफ्ट अप युअर हेड’ अशी केली. पण अ‍ॅनी हॉक्स यांच्या १८७२ सालच्या ‘आय नीड दी एव्हरी अवर’मधला ‘दी’, म्हणजे ‘तू’साठीचा जुना इंग्रजी शब्द, तसाच राहू दिला. मला वाटते, जे घरोघरी तोंडपाठ आहे ते त्यांनी सांभाळले आणि जे विस्मरणात चालले होते ते बोलीत आणले. आपल्या गीतांतील ‘मज’ आणि ‘तुज’ काढून टाकावेत असा मुलांचा हट्ट होता. ‘मज’च्या मात्रा दोन आणि ‘मला’च्या तीन, हे आपण त्यांना फळ्यावर लिहून दाखवलेत आणि तो हट्ट तिथेच विरला.

सगळीच सीडी मला सारखी भावली असे नाही. अलाबामाच्या अंध गायकांचा ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ हा संच ‘नथिंग बट द ब्लड’मध्ये आपला खरबरीत, मुरलेला आवाज मिसळतो, तेव्हा रॉक वगैरे शब्द मागे पडतात. शेवटचे ‘दे’ल नो वी आर ख्रिश्चन्स’ मात्र शिकागोतील एका धर्मगुरूने १९६० च्या दशकात रचलेले. त्याला पारंपरिक म्हणणे जरा सढळ हाताचेच. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात आणले, ते १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत; त्यांचे नाव घेऊन गिटारला विरोध करणाऱ्या माझ्यासारख्याला आपण कधी टोकले नाहीत, ही आपली सभ्यता.

त्यानंतर एका रविवारी ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातले एक जुने गीत आम्ही शब्दांना धक्का न लावता, फक्त ठेका बदलून, पेटी आणि गिटारवर घेतले. पहिल्या कडव्यात ड्रमने सर्वांना बुडवले. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला, ज्यांच्या नाराजीची मला धास्ती होती त्या पुढच्या बाकावरच्या आजींनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि माझ्या पोटात गोळा आला. नीट पाहिले तर त्यांचे ओठ हलत होते. गीत पाठ असल्याने त्यांना पुस्तकाची गरजच नव्हती. उपासना संपल्यावर आपण जवळ येऊन एवढेच म्हणालात, “ड्रम थोडा मागे सरकवा.” तो आता दाराजवळच्या खांबाशी गेला आहे.

काका, मला चूक ठरवायचे सोडून विचार करायला लावल्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. सीडी येत्या रविवारी परत आणून देतो. तिच्या डबीची एक बिजागरी माझ्या हातून तुटली आहे, तेवढी चूक पदरात घ्यावी.

आपला,
गायकवृंदातील पेटीवाला