औषध नसलेली सुई टोचून घेणाऱ्या ९८ जणांना

सप्रेम नमस्कार,

सेक्युकिनुमॅब या सुईने घ्यायच्या औषधाच्या ‘फ्यूचर २’ चाचणीत सोरायटिक संधिवाताचे (सोरायसिस या त्वचारोगासोबत येणाऱ्या सांधेदुखीचे) ३९७ रुग्ण होते. तीन गटांना ३००, १५० किंवा ७५ मिलिग्रॅम औषध मिळालं. तुम्हा ९८ जणांच्या वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सुई, आला, तोही न सांगता. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला आणि कौतुक औषधाचं झालं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

पहिल्या दिवशी सुई, मग चार आठवडे दर आठवड्याला, पुढे दर चार आठवड्यांनी. शिवाय सांध्यांची तपासणी: ७८ सांधे दाबून दुखतात का पाहायचं, ७६ सांध्यांवर सूज शोधायची. (खुब्याचे दोन सुजेच्या मोजणीत धरत नाहीत, ते इतके खोल असतात की सूज हाताला लागत नाही.) आधीच ठणकणारं बोट कोणाला तरी दाबू देणं म्हणजे काय, हे हा आजार असणाऱ्यालाच कळेल. त्यात मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध चालू असेल तर मात्रा तीच ठेवायची. दुखणं वाढलं म्हणून गोळी परस्पर वाढवली, तर सूज कशानं उतरली ते मग कोणालाच सांगता येत नाही.

२४व्या आठवड्याची कसोटी अशी होती: दुखरे आणि सुजलेले सांधे, दोन्ही किमान २० टक्क्यांनी कमी व्हायला हवेत. शिवाय वेदना, रुग्णाचं मत, डॉक्टरांचं मत, रोजची कामं आणि रक्तातला दाह या पाचांपैकी तिनांत तेवढाच फरक हवा. ३०० च्या गटात ५४ टक्के लोक तिला उतरले, १५० च्या गटात ५१, ७५ च्या गटात २९. तुमच्यातले १५.

आमच्या लेखी हा १५ सगळ्यांत मोलाचा. हा आजार आपसूक चढतो-उतरतो, आणि माणूस चाचणीत येतो तो बहुधा दुखणं जोरात असताना; म्हणून काहींना औषधाविनाही उतार पडतोच. तुम्ही नसता तर ७५ मिलिग्रॅमचे २९ टक्के सगळे औषधाच्याच नावावर गेले असते.

ज्यांच्या सांध्यांत १६व्या आठवड्यापर्यंत २० टक्केही फरक नव्हता, त्यांना तेव्हा खरं औषध सुरू झालं. बाकीच्यांना २४व्या आठवड्याला. १६व्याला बदललेल्यांची नोंद २४व्याच्या हिशेबात ‘आराम नाही’ अशीच ठेवली. ते रास्तच होतं, नाहीतर औषधाचा गुण प्लासिबोच्या खात्यावर जमा झाला असता. पण तुमची एवढी चिकाटी कागदावर नुसती ‘आराम नाही’ म्हणून उरली, हे आम्हाला खटकतं.

आता चाचणीत नाव घालू का, असं कोणी विचारलं की सही करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्यायला सांगतो: प्लासिबो किती आठवडे, आणि गुण नाही आला तर खरं औषध कितव्या आठवड्याला? हे प्रश्न आम्ही तुमच्या त्या १६ आठवड्यांवरून शिकलो.

आपले ऋणी,
या चाचण्यांचे तक्ते वाचत बसणारे आम्ही काहीजण